रचनेबाहेरचे शहर

पेठा, आळ्या आणि बोळ यांच्या नावांत वाढलेल्या माणसाला चंडीगड प्रथमदर्शनी अंकगणिताच्या वहीसारखे वाटते. येथे पत्ता म्हणजे आकडा. सेक्टर १०, सेक्टर १७, सेक्टर २२. मूळ आराखड्यात १३ हा आकडा मात्र वगळलेला होता. तो अशुभ म्हणून, असे सांगतात. एका चर्चासत्राच्या निमित्ताने डिसेंबरात मी चार दिवस तेथे होतो. सत्रे सकाळी संपत आणि दुपार माझी असे. साहित्यकृतीच्या रचनेविषयी ज्याने आयुष्यभर लिहिले, त्याने रचनेचेच शहर पाहायला निघावे, यात मला काहीसे औचित्यही वाटले होते.

फाळणीत लाहोर गेले आणि पूर्व पंजाब राजधानीला मुकला. त्या अभावातून या शहराची कल्पना निघाली. आल्बर्ट मेयर यांनी पहिला आराखडा केला. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात दगावले आणि पुढच्याच वर्षी हे काम ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे आले. भूतकाळाच्या परंपरांत न अडकलेले शहर नेहरूंना हवे होते. कॉर्ब्युझिए यांनी ते मानवी देहाच्या उपमेने कल्पिले. कॅपिटॉल हे मस्तक, सेक्टर १७ हे हृदय, हिरव्या मोकळ्या जागा ही फुप्फुसे.

हे मस्तक मी पहिल्या दुपारी पाहिले. २०१६ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. उच्च न्यायालयाचे रंगीत प्रचंड स्तंभ, विधानसभेच्या माथ्यावरचा मनोरा आणि वाऱ्याबरोबर फिरणारा २६ मीटर उंचीचा ‘उघडा हात’. देण्यासाठी आणि घेण्यासाठी उघडा असा त्याचा आशय. कॉर्ब्युझिए १९६५ मध्ये वारले. हा हात उभा राहिला तो १९८५ मध्ये. उघड्या काँक्रीटवरील छायाप्रकाशाचा खेळ पाहताना मी खरोखर भारावलो. एकही रेषा अकारण नाही. माझ्या समीक्षेत ‘अकारण’ हा शब्द नेहमीच दोषवाचक राहिला आहे.

सेक्टर १० मधील संग्रहालयात गांधारशैलीची शिल्पे आहेत. लाहोरच्या संग्रहालयातील वस्तूंचीही फाळणीनंतर वाटणी झाली. ६० टक्के तिकडे, ४० टक्के इकडे. भारताच्या वाट्याच्या मूर्ती १९४९ मध्ये आल्या आणि ठिकाणे बदलत अखेर येथे स्थिरावल्या. बुद्धाच्या अर्धोन्मीलित डोळ्यांसमोर उभा असताना या आकड्यांनी मी अस्वस्थ झालो.

संध्याकाळी भूक सेक्टर २२ मध्ये घेऊन गेली. शहराच्या अगदी सुरुवातीच्या वस्तीचा हा भाग, बाजारही जुना. एका लहानशा खानावळीत मक्याची रोटी, सरसोंचा साग, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा आणि बाजूला गुळाचा खडा असे ताट आले. सोबत काळ्या गाजरांची आणि मोहरीची आंबट कांजी. साग म्हणजे मोहरीचा पाला, त्यात थोडा पालक आणि चाकवत, मंद आचेवर तासन्‌तास शिजवून घोटलेला. पहिल्या घासाला मला आमच्या घरची ताकातली पालेभाजी आठवली. दुसऱ्याला मोहरीचा उग्रपणा जाणवला आणि मी परक्या प्रांतात असल्याचे ध्यानात आले. ताकाऐवजी तेथे लोणी, ज्वारीच्या जागी मका. पण हातावर थापलेल्या भाकरीचे बोटांचे ठसे तेच.

गल्ल्यावरचे सरदारजी माझ्याहून वयाने मोठे होते. भिंतीवर टांगलेला लाकडी घोटणा मी निरखून पाहत असल्याचे त्यांनी पाहिले. “हा आजीचा आहे, जी. सियालकोटकडून आला,” ते म्हणाले. मग आणखी काय काय आले, हे त्यांनी न विचारताच सांगितले. एक परात, एक रजई, कुलपाची किल्ली. कुलूप घराला लावले होते, ते तिकडेच राहिले. ही यादी सांगताना त्यांचा स्वर जराही बदलला नाही. जेवण झाल्यावर पैसे घेतले, पण कांजीचे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी रॉक गार्डनमध्ये गेलो. नेकचंद मूळचे शकरगढ भागातील, आता पाकिस्तानात असलेल्या गावचे. फाळणीनंतर इकडे आले आणि बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक झाले. नवी राजधानी उभारण्यासाठी जुनी गावे पाडली गेली. त्या पाडकामातले फुटके कप, बांगड्या, कौले, दगड हा माणूस सायकलवरून वाहून नेई. बांधकामास मनाई असलेल्या झाडीत त्याने १९५७ च्या सुमारास काम आरंभले. १९७५ मध्ये अधिकाऱ्यांना ते सापडले, तेव्हा सारेच बेकायदेशीर होते. ते पाडले गेले नाही. पुढच्या वर्षी ते लोकांसाठी खुले झाले. कॉर्ब्युझिए यांच्या नगरसंहितेने शहरात व्यक्तींचे पुतळे उभारण्यास मनाई केली होती. त्याच शहराच्या कडेला बांगड्यांच्या तुकड्यांचे अंगरखे ल्यालेली शेकडो अनामिक माणसे रांगेने उभी आहेत. त्यांच्याकडे जाणारे दरवाजे इतके बुटके की वाकल्यावाचून प्रवेश नाही.

असाच वाकलेला असताना मला माझे एक जुने परीक्षण आठवले. धरणाखाली गेलेल्या गावातील एका शिक्षकाचे ते आत्मकथन होते. मी तेव्हा तरुण होतो, नुकताच विद्यावाचस्पती झालो होतो. गाव सोडतानाच्या प्रसंगी लेखकाने चार पाने घरातल्या वस्तूंना दिली होती. ‘अकारण तपशिलांचा ढीग, कलाकृतीला आवश्यक ती निवड लेखकाला साधलेली नाही,’ असे मी लिहिले. त्या शिक्षकांनी त्यानंतर दुसरे पुस्तक लिहिले नाही. त्याचे कारण माझे परीक्षणच असेल असे मानणे हाही अहंकारच. पण ते नसेलच असेही मला म्हणवत नाही.

रचना नको, असे मला म्हणायचे नाही. चंडीगडच्या सरळ रस्त्यांवरची सावली आणि प्रत्येक घरापर्यंत पोचणारा उजेड हे रचनेचेच दान आहे. निर्वासितांना तिनेच छप्पर दिले. परंतु निवड करताना आपण काय बाहेर टाकतो, हे निवडणाऱ्याने एकदा तरी वाकून पाहिले पाहिजे. ते मी पाहिले नव्हते.

परतल्यावर ते पुस्तक काढले. लेखक आता हयात नाहीत. त्या चार पानांच्या समासात माझ्याच पेन्सिलीच्या रेघा होत्या. पाटा, वरवंटा, जात्याचा खुंटा, काठवट, ताक घुसळण्याची रवी. गाडीत न मावल्यामुळे मागे राहिलेला रांजण. यादी मी शेवटपर्यंत वाचली. या वेळी एकही वस्तू न गाळता.