शेजारच्या आजींचा खडू

२०१६ च्या दिवाळीच्या सुटीत मी शिकागोला आपाकडे गेले होते. तिचं घर डेव्हन अव्हेन्यूजवळ. हलाल गोश्त, मिठाई, उर्दू पाट्या; परदेशात आल्यासारखं वाटेना! शेजारी एक गोऱ्या आजी एकट्याच राहतात. रमजानमध्ये आपा त्यांना इफ्तारीचं ताट पाठवते आणि त्या आपाला बेसबॉल शिकवतात. आपाला खेळ अजून कळलेला नाही, दोस्ती मात्र पक्की.

आजींचा संघ कब्ज. १९०८ नंतर तो एकदाही अजिंक्य ठरला नव्हता. २ नोव्हेंबरच्या रात्री शेवटचा, सातवा सामना क्लीव्हलंडला होता. इशा पढून आम्ही त्यांच्याकडे जाऊन बसलो. नऊ डावांनंतर ६-६ बरोबरी आणि वर पाऊस! ती सतरा मिनिटं आजी एक शब्द बोलल्या नाहीत. दहाव्या डावात कब्ज ८-७ ने जिंकले, तशा त्या आपाच्या गळ्यात पडून रडल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी रिग्ली फील्डला गेलो. मैदानाच्या बाहेरच्या विटांच्या भिंतींवर लोक खडूनं नावं लिहीत होते. हा दिवस न बघताच गेलेल्या आपल्या माणसांची. आजींचे हात थरथरत होते. "तू शाळेत शिकवतेस ना, तूच लिही." मी त्यांच्या वडिलांचं नाव फळ्यावर लिहावं तसं ठसठशीत लिहिलं.

"आता तुझ्या वडिलांचं?"

मला अब्बांचा क्रिकेटचा रेडिओ आठवला. नाव काही लिहिलं नाही; मनातच फातिहा पढली. आजी तोवर गप्प उभ्या होत्या.

परतताना गाडीत त्या आपाला पुन्हा पहिल्यापासून खेळ समजावू लागल्या.