बाबा, परमिट देता?

स्मार्ट होम म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? जाहिरातीतलं चकाचक घर, टाळी वाजवली की मंद होणारे दिवे आणि सोफ्यावर लोळत एसीला हुकूम सोडणारं एक फुल टू निवांत जोडपं. आमच्या स्मार्ट होमची सुरुवात मात्र पाण्याच्या टाकीपासून झाली. तीही पुण्यातल्या माझ्या वन बीएचकेमध्ये नाही, तर साताऱ्यात, आई-बाबांच्या घरी.

तिथे नळाला पाणी येतं पहाटे साडेपाचला. ते जमिनीखालच्या टाकीत पडतं आणि तिथून मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. वरची टाकी वाहायला लागली की शेजारच्या काकू खिडकीतून ओरडणार, मग बाबा धावत जाऊन मोटर बंद करणार. वर्षानुवर्षं हीच आमची ऑटोमेशन सिस्टिम! पण बाबांचे गुडघे कुरकुरायला लागले, गच्चीचा जिना नकोसा झाला, आणि मी ठरवलं की आता हे काम मशीनच्या गळ्यात मारायचं.

मी काही इंजिनिअर नाही. मास कॉम केलंय, लेख लिहून पोट भरते. पण ओपनहॅब नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, २०१० मध्ये जर्मनीत काय क्रॉयत्सर याने सुरू केलेलं, फुकट आणि ओपन सोर्स. ते खिशात मावेल एवढ्या रास्पबेरी पायवर चालतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे, प्लग, सेन्सर यांना एकमेकांशी बोलायला लावतं. दोन-तीन वीकेंड घालवले आणि जमलं. मोटरचा लोड छोट्या स्मार्ट प्लगला झेपत नाही, मध्ये कॉन्टॅक्टर लागतो, हे बाबांनीच सांगितलं. ते वीज मंडळातून रिटायर झालेत. वायरिंगच्या बाबतीत त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नाही.

महिनाभर सगळं मस्त चाललं. मग अधूनमधून मोटर पहाटे सुरूच होईना. आईचा फोन, ‘तुझ्या डबीने आज पण दगा दिला.’ आणि मी ११० किलोमीटरवर, कोथरूडमध्ये, डेडलाइन डोक्यावर घेऊन.

आता थोडं टेक्निकल. पण घाबरू नका, घराच्याच भाषेत सांगते. ओपनहॅबला दोन तोंडं आहेत. एक, फोनवर दिसणारं गोड पान: टाकी किती भरली, मोटर चालू की बंद. ते दुरून बघायची सोय सहज होते. दुसरं म्हणजे कन्सोल. काळा पडदा, त्यावर अक्षरं. आत काय चाललंय, कुठलं यंत्र रुसलंय, कोणी कधी काय केलं, ते तिथे ओळीओळीने वाहत असतं. पान म्हणजे हॉलमधली बटणं आणि कन्सोल म्हणजे मेन स्विचचा बोर्ड. दोष शोधायचा तर बोर्डच उघडायला हवा.

हा कन्सोल ८१०१ नंबरच्या पोर्टवर ऐकत बसलेला असतो. पण ऐकतो फक्त ‘लोकलहोस्ट’चं, म्हणजे त्याच मशीनवर बसलेल्याचं. शेजारच्या खोलीतल्या लॅपटॉपलासुद्धा दाद देत नाही, मग कोथरूडचं काय घेऊन बसलात! हे मुद्दामच केलेलं आहे. कारण त्याचा सुरुवातीचा पासवर्ड सगळ्यांसाठी एकच असतो आणि तो डॉक्युमेंटेशनमध्ये छापलेला आहे. कोणीही वाचावा.

हिंजवडीतल्या माझ्या एका मित्राकडे उत्तर तयार होतं. ‘सिंपल यार! सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ टाक, लोकलहोस्टच्या जागी चार शून्यं. मग राउटरवर पोर्ट फॉरवर्ड कर. दहा मिनिटांचं काम.’ चार शून्यं म्हणजे कन्सोलला सांगायचं की कुठूनही हाक आली तरी ओ दे. तेवढ्याने तो घरातल्या सगळ्या नेटवर्कला उघडा होतो. पोर्ट फॉरवर्ड केलं की अख्ख्या जगाला. आधी बेडरूमचं दार काढायचं, मग फाटकही.

दहा मिनिटांच्या कामांची मला मुळातच भीती वाटते. त्यात मिराईबद्दल बरंच वाचलं होतं. २०१६ मधलं प्रकरण. मिराई हा एक प्रोग्रॅम. तो इंटरनेटवर फिरून कॅमेरे, डीव्हीआर, राउटर शोधायचा आणि कंपनीने घालून दिलेले साठेक यूजरनेम-पासवर्ड एकेक करून लावून बघायचा. बस, एवढंच. एवढ्यावर लाखो यंत्रं त्याच्या ताब्यात आली. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांचा मारा डिन नावाच्या कंपनीवर झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय तासन् तास अडखळले. ज्यांचे कॅमेरे वापरले गेले त्या घरांना बहुधा पत्ताही लागला नसेल. पुढे असे सरसकट पासवर्ड चालणार नाहीत असे कायदे आले, कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून, ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून. आपल्या साताऱ्याच्या टाकीचं काय?

हे मित्राला ऐकवलं तर तो हसला. ‘तुझ्या बाबांची टाकी कोण हॅक करणार?’ पण मुद्दा टाकीचा नाहीच ना! मिराईला तरी कुणाचं नाव-गाव कुठे विचारायचं होतं? उघडं दार दिसलं, एवढं त्याला पुरेसं होतं.

तर मी ती ओळ घातलीच नाही. कन्सोल जिथे होता तिथेच, लोकलहोस्टवर ठेवला आणि पासवर्ड तेवढा बदलला. माझा लॅपटॉप आणि साताऱ्याचा पाय यांच्यामध्ये व्हीपीएनचा खासगी बोगदा टाकला. आधी त्या बोगद्यातून पायवर लॉगिन करायचं आणि मग तिथल्या तिथे, घरात बसल्यासारखं, कन्सोल उघडायचा. एक पायरी जास्त. पण राउटरला एकही भोक पाडावं लागत नाही. शिवाय आपल्याकडे बऱ्याच घरांना इंटरनेटवर स्वतःचा पत्ताच मिळत नाही. कित्येक ग्राहकांमध्ये मिळून एकच असतो. तिथे पोर्ट फॉरवर्ड केलं तरी उपयोग शून्य. बोगद्याला मात्र तो प्रश्न येत नाही, कारण दोन्ही टोकं आतून बाहेर जोडणी करतात.

सकाळी आठला कॉफीचा मग घेऊन लॉगिन केलं. काय थ्रिल होतं सांगू! सगळा लॉग समोर. वर सरकवत गेले आणि चोर सापडला. रात्री १०:४० ला गच्चीवरचा सेन्सर ऑफलाइन, सकाळी ६:१० ला परत ऑनलाइन. आदल्या रात्रीही तेच, साधारण त्याच वेळी. सेन्सर वायफायवर. पाणी किती आहे ते कळत नसेल तर मोटर लावायची नाही, हा नियम मीच घातलेला. आणि वायफाय? बाबा झोपताना राउटर बंद करत होते. ‘रात्रभर विनाकारण कशाला चालू ठेवायचा?’ रोज नाही, आठवण झाली की. म्हणून तर बिघाड अधूनमधून!

केस सॉल्व्ह्ड. पण १०:४० आणि ६:१० च्या मध्ये आणखी काही ओळी होत्या.

बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये मी एक मोशन सेन्सर लावलाय. अंधारात बटण चाचपडायला लागू नये, माणूस आला की दिवा आपोआप लागावा म्हणून. तो बॅटरीवरचा, झिग्बीवाला, थेट पायशी बोलतो. राउटर बंद असला तरी त्याला फरक पडत नाही. दिवा चालू, १२:५०. दिवा चालू, २:१५. ३:२०. ४:४५. आदल्या रात्री तीनदा, त्याच्या आदल्या रात्री पाचदा.

कॉफी गार झाली. आई एकदा झोपली की ढोल वाजवला तरी उठत नाही, हे आख्ख्या खानदानाला माहीत आहे. म्हणजे बाबा. रात्रीतून चार-पाच वेळा. फोनवर मात्र रोजचं उत्तर एकच, ‘एकदम ओके, तू तुझं बघ.’

काय करावं माणसाने? मी शोधत होते मोटरचा बिघाड. हे काही शोधायला गेले नव्हते. पण आता कळलंय, ते न कळल्यासारखं कसं करायचं? दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी आईला फोन केला आणि आडवळणाने विचारलं, ‘बाबांची झोप कशी आहे गं?’

ती क्षणभर थांबली. ‘तुला कोणी सांगितलं?’

सांगितलं मग खरं काय ते. फोन स्पीकरवर होता, हे नंतर कळलं. मागून बाबांचा आवाज आला, ‘घरात कॅमेरे बसवलेस का तू?’

ते चिडले असते तर परवडलं असतं. ते अवघडले होते. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांच्या घरात उजेड पोचवला, त्यांच्या स्वतःच्या पॅसेजमधला दिवा त्यांच्या चुगल्या करत होता! आणि हे उघडं पोर्ट सापडलेल्या हॅकरने केलं नव्हतं. सगळी दारं नीट बंद करून, पासवर्ड बदलून, बोगद्यातून आलेल्या त्यांच्या मुलीने केलं होतं. सिक्युरिटीच्या एवढ्या लेखांमध्ये या पाहुण्याबद्दल मी काही वाचलं नव्हतं.

बाबा डॉक्टरांकडे गेले. शुगर वाढलेली निघाली, गोळ्या सुरू झाल्या. ते माझ्या फोनमुळे गेले की आईच्या भुणभुणीमुळे, यावर घरात अजून एकमत नाही.

पुढच्या वीकेंडला स्वारगेटवरून एसटी पकडली आणि साताऱ्याला गेले. बाबांनी सगळं समजून घेतलं. अगदी वहीत आकृती काढून. मग विचारलं, ‘हे तुझं बाहेरून येणं बंद करायचं बटण कुठंय?’

‘तसं बटण नाहीये बाबा. ते चालूच असतं.’

‘अशी लाइन असते होय? आमच्याकडे परमिट घेतल्याशिवाय लाइनला कुणी हात लावत नसे. साहेब असला तरी.’

मला उत्तर सुचेना. कारण बरोबर होतं ते. मी बाहेरच्यांना कसं अडवायचं याचाच विचार केला होता. घर ज्यांचं आहे त्यांना मलाही अडवता यायला हवं, हे डोक्यातच आलं नव्हतं. कुठल्याही गाइडमध्ये ती पायरी मला दिसली नव्हती.

मग दोघांनी बसून केलं. पॅसेजमधला सेन्सर सिस्टिममधून काढला. त्या जागी स्वतःपुरता लागणारा साधा सेन्सरचा दिवा आला, जो कुणाला काही सांगत नाही. राउटर आता रात्रभर चालू असतो, पण त्याबदल्यात बाबांच्या फोनवरच्या पानात एक नवीन बटण आलं. नाव त्यांनीच दिलं, ‘परमिट’. ते दाबलं तरच व्हीपीएन सुरू होतं आणि तासाभराने आपोआप बंद पडतं. एरवी कन्सोल आपला लोकलहोस्टवर, एकटा.

मित्र म्हणतो हे वेडेपणाचं डिझाइन आहे. सिस्टिम हँग झाली तर बटणही चालणार नाही, मग काय करशील? मग काय, एसटी आहे, खंबाटकी घाट आहे.

गेल्या आठवड्यात एक अपडेट टाकायचं होतं, म्हणून फोन केला.

‘बाबा, परमिट देता का?’

‘काम काय आहे?’

सांगितलं.

‘किती वेळ लागेल?’

‘वीस मिनिटं.’

‘बरं. दाबलंय. झालं की फोन करून सांग, तशी लाइन सोडायची नाही.’