इंजिन अँबेसेडरचं, गाडी एमजीची आणि कागद कुठलाच जुळत नाही

मागचे तीन रविवार बातमी सोडून एका शेडमध्ये घालवले. आमच्या गावातल्या एका जुन्या डॉक्टरांची दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी तिथं उभी आहे. डॉक्टर आता नाहीत. ते विलायतेत शिकायला गेले होते आणि परत येताना गाडी बोटीने घेऊन आले. गाडी एमजीए. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या गावकऱ्यांना ती 'डॉक्टरांची लाल गाडी' म्हणून आठवत असेल. त्यांचा मुलगा माझा वर्गमित्र. गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असं त्यानं ठरवलं आणि त्यासाठी इंजिन बाहेर काढणं आलं. हे काम शोरूममध्ये किंवा मोठ्या गॅरेजात झालं नाही, घरच्या अंगणातच झालं. हे सगळं इथं लिहिण्याचं कारण निव्वळ हौस नाही. पुढे आरटीओ आहे, नियम आहे आणि एक एजंटही आहे. त्यामुळे पोस्ट लांबली तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी गाडीविषयी. एमजीए १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडातल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली. एक लाखाच्या वर गाड्या निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक परदेशी, मुख्यतः अमेरिकेत गेल्या. सुरुवातीच्या गाड्यांना १४८९ सीसीचं इंजिन होतं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सिरीज' घराण्यातलं. आता गंमत बघा. आपली अँबेसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिला १९५९ च्या सुमारास जे ओव्हरहेड व्हॉल्व्हचं १४८९ सीसी इंजिन बसलं, ते याच घराण्यातलं. पुढे कित्येक वर्षं ते बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनत राहिलं. म्हणजे तिकडे गोरी पोरं जे इंजिन घेऊन शर्यती करत होती, त्याचाच सख्खा भाऊ इकडे प्रांतसाहेबांना दौऱ्यावर नेत होता. फरक होता तो कार्ब्युरेटरचा, एमजीला दोन एसयू आणि अँबेसेडरला एक. ट्यूनिंगही वेगळं, म्हणून ताकदीत फरक. पण ठेवण तीच आणि खोडीही त्याच. अँबेसेडर जिथं उभी राहायची तिथं फरशीवर तेलाचा डाग पडायचा, आठवतंय? त्याचं कारण असं की या इंजिनाच्या क्रँकशाफ्टला मागच्या बाजूला रबरी सील नाही. शाफ्टवरच उलटे आटे पाडलेत, ते फिरताना तेल आत ढकलतात. गाडी बंद झाली की ढकलणारं कुणी नाही. मग थेंब थेंब गळतं.

इथंही तेच झालं होतं. तेल क्लचप्लेटवर उतरलं आणि क्लच घसरायला लागला. आणि या गाडीत नुसती क्लचप्लेट बदलायची म्हटली तरी अख्खं इंजिन वर काढावं लागतं. खालून गिअरबॉक्स उतरवायला वाटच नाही.

काम केलं आमच्या मिस्त्रीमामांनी. वय सत्तर. उभी हयात तहसीलच्या, पंचायत समितीच्या अँबेसेडरी दुरुस्त करण्यात गेली. गाडीला हात लावायच्या आधी ते मला म्हणाले, "पत्रकार, तुमी फोटो काढा, पण लटकलेल्या इंजिनाखाली हात घालायचा न्हाई. डोकं तर लांबच." दीडशे किलोच्या वरचं लोखंड आहे, शिवाय गिअरबॉक्सचं वजन वेगळं. मित्राचा विचार होता की शेडच्या कैचीलाच चेन ब्लॉक अडकवावा. मामांनी वर बघितलं, पत्र्याची शेड, जुना अँगल, आणि सरळ नाही म्हणाले. मग विहिरीतली मोटार वर काढायला वापरतात ती तीन पायांची लोखंडी तिपाई भाड्याने आणली. तिचे पाय फाकू नयेत म्हणून तळाशी साखळीने एकमेकांना बांधले. ज्यांना घरी असलं काही करायचं असेल त्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. छपराला भार द्यायचा नाही.

पहिला दिवस नुसत्या सुट्या करण्यात गेला. आधी बॅटरी. या गाडीला सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि बॉडीला जोडलेली असते ती पॉझिटिव्ह. आजच्या गाड्यांच्या बरोबर उलटं. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा कोर्स करणारा मित्राचा भाचा मदतीला होता. त्याला मामांनी हे दोनदा सांगितलं, आणि त्यानं वायरींना चिठ्ठ्या बांधून प्रत्येकीचा मोबाइलवर फोटो घेतला. मामांना ही पद्धत फार आवडली. "आमी ध्यानात ठेवत हुतो, म्हातारपणी घोटाळा व्हायचा," म्हणाले. बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं, अगदी हलकं. बिजागरीच्या बोल्टभोवती खडूने खूण करून मगच काढलं, म्हणजे परत बसवताना फट वाकडी होत नाही. मग पाणी सोडलं, रेडिएटर काढला.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल? पाण्याचं तापमान दाखवणाऱ्या काट्यात. या गाडीत तापमानाचा काटा विजेवर चालत नाही. इंजिनाच्या हेडमध्ये एक छोटा फुगा असतो आणि तिथून केसासारखी बारीक तांब्याची नळी डॅशबोर्डवरच्या काट्यापर्यंत जाते. ती मुडपली किंवा तुटली की काटा कायमचा मेला. घाईत असलेला माणूस नट फिरवताना फुगाही फिरवतो आणि नळीला पीळ बसतो. मामांनी तिथं डिझेल सोडून रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी नट सुटला, फुगा जागचा हलला नाही. नळी वेटोळं करून बाजूला बांधली. असले क्षण बातमीत बसत नाहीत, पण तिथं उभ्या असलेल्या आम्हा चौघांचा श्वास अडकला होता हे खरं.

पुढचं भराभर झालं. सायलेन्सरचे नट, पेट्रोलची नळी, क्लचचा सिलिंडर, ऑइल प्रेशरची नळी. आतल्या लाकडी फळ्या आणि मधला बोगदा काढून प्रोपेलर शाफ्ट सोडला. इंजिन गिअरबॉक्ससकट निघतं, पण सरळ वर येत नाही. मागचा भाग खाली, तोंड वर, असं तिरकं करत ओढावं लागतं, म्हणून गिअरबॉक्सचं तेलही आधीच काढून ठेवायचं. मामा साखळी ओढत होते, भाचा शेपटाकडे लक्ष ठेवून होता. इंजिन पुरेसं वर आल्यावर आम्ही गाडीच मागे ढकलली आणि इंजिन अलगद जुन्या टायरवर उतरवलं. क्लच उघडताना फुंकर मारायची नाही, हवाही मारायची नाही. जुन्या क्लचच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ती धूळ छातीत जाऊ नये म्हणून ओल्या फडक्याने पुसून घेतलं.

आता मुद्द्याचं.

या गाडीचा आरपीएमचा काटा मित्राला आठवतं तेव्हापासून बंद आहे. एमजीएत तो काटा इंजिनाच्या मागच्या डाव्या बाजूने निघणाऱ्या केबलवर चालतो. इंजिन टायरवर ठेवल्यावर मामांनी तिथं बोट ठेवलं. केबल जोडायची जागाच नाही. "कसा चालंल? ह्ये इंजिन अँबेसेडरचं हाय. शहात्तर साली आमच्या वस्तादांनी बसवलं. मी पाना धरत हुतो."

मूळ इंजिनाचा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला होता. त्या काळात परवाना मिळवून विलायतेहून नवा ब्लॉक मागवणं गावातल्या डॉक्टरच्या आवाक्यातलं नव्हतं. भावकीतलंच इंजिन इथं मिळत होतं. वस्तादांनी मोडीतल्या टॅक्सीचं इंजिन आणलं, एमजीची मागची प्लेट आणि फ्लायव्हील वापरून बसवलं, वर तेच दोन कार्ब्युरेटर चढवले. त्या इंजिनावर गाडी पुढे पंधरा-वीस वर्षं पळाली. तिच्यातून डॉक्टर रात्री-अपरात्री वाड्या-वस्त्यांवर गेले. आरसी बुकावर मात्र नंबर राहिला जुन्या, फुटलेल्या इंजिनाचा. बदल नोंदवायचं ना डॉक्टरांना सुचलं, ना वस्तादांना.

आता नियम बघा. केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला ५ हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. रोजच्या वापराला परवानगी नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. हे सगळं समजण्यासारखं आहे, चांगलंही आहे. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको.

मग ही गाडी कुठं बसते? साध्या फेरनोंदणीची वाट धरली तर आयात गाडीची फी १ एप्रिल २०२२ पासून ४० हजार झाली. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या आयात चारचाकीला ती ८० हजार केली. एवढे पैसे भरूनही तपासणीला चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळायला हवा, तो जुळणार नाही. इंजिन बदल नोंदवायचा तर दुसरं इंजिन कुठून आणलं याचा कागद लागतो. शहात्तर सालच्या मोडीच्या दुकानाची पावती आणायची कुठून?

मित्र चौकशीला गेला तेव्हा बाहेर टपरीवर एक एजंट भेटला. त्यानं तोडगा दिला तो असा: "नंबर पाडून घ्या की. आरसीवरचा नंबर इंजिनावर पंच करा, छाप घ्या, विंटेजमध्ये टाका. मूळ इंजिन आहे म्हटल्यावर गाडीची किंमतही वाढंल." म्हणजे एका पंचात दोन फायदे. सरकारी कागद जुळतो आणि गिऱ्हाईकही फसतं. आणि हा सरळसरळ गुन्हा आहे, चोरीच्या गाड्यांना करतात तोच.

मित्र दोन दिवस गप्प होता. मी त्याला दोष देत नाही. आई ऐंशीच्या पुढे आहे, तिला त्या गाडीत बसून एकदा ग्रामदैवतापर्यंत जायचंय. खरं बोलला तर गाडी शेडमध्येच राहणार, खोटं केलं तर महिन्याभरात रस्त्यावर. शेवटी मामांना विचारलं. मामा म्हणाले, "वस्तादांनी चोरी करून बसवलं न्हाई. मग चोराचं काम आता कशाला?" नंबर पाडायचा नाही, हे तिथंच ठरलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या देशात दशकानुदशकं गाडीची आयात आणि सुटे भाग परवान्याच्या कुलुपात होते, तिथं 'मूळ स्वरूप' हा शब्द इंग्लंडातल्यासारखा वापरून चालणार नाही. आपल्याकडच्या जुन्या गाड्या टिकल्या त्या दुसऱ्या गाडीचे भाग बसवून, लेथवर बुश ओढून, अशाच टिकल्या. अँबेसेडरचं इंजिन घातलेली एमजी ही काही आमच्या गावातच नाही, देशात इतरत्रही सापडतात. नियमात एक रकाना वाढवा: त्या काळात, त्याच घराण्यातलं इंजिन बदललं असेल तर माहितगाराचं प्रतिज्ञापत्र आणि तज्ज्ञाची तपासणी यावर नोंद करून घ्या. तपासायला राज्य पातळीवर समिती ठेवायची तरतूद आहेच, तिला थोडं डोकं चालवू द्या. एकीकडे केंद्र सरकार डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढतं, त्यात मोटारगाड्याही घेतं, आणि दुसरीकडे पन्नास वर्षांपूर्वी केलेली चोख दुरुस्तीच गाडीचा दोष ठरते. हे दोन विभाग एकमेकांशी कधी बोलतात की नाही कोण जाणे.

जाता जाता आपल्या गावाचाही एक प्रश्न. या कामात इंजिन आणि गिअरबॉक्सचं मिळून सहा-सात लिटर जळकं तेल निघालं. हे तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं, गटारीत ओतायचं नसतं. कुठं द्यायचं म्हणून गावात विचारत फिरलो, कुणालाच सांगता येईना. एका गॅरेजवाल्यानं मागच्या ओढ्याकडे बोट दाखवलं. आमचं तेल डब्यात झाकण लावून ठेवलंय. गावात वीस-पंचवीस गॅरेजं आहेत, ती सगळी काय करतात याचा अंदाज ओढ्याचं पाणी बघून येतोच. त्यावर वेगळी पोस्ट लिहिणार आहे.

सध्याची स्थिती अशी: क्रँकशाफ्ट घासायला कोल्हापूरला उद्यमनगरात गेलाय. क्लचप्लेट आली. मामांनी स्टँपपेपरवर आपला जबाब करून द्यायची तयारी दाखवली आहे, कुठल्या साली, कुणी, कोणतं इंजिन बसवलं ते सगळं. इंजिनावरचा खरा नंबर आम्ही लिहून घेतलाय. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमारास कुणाच्या घरची अँबेसेडर टॅक्सी मोडीत गेली असेल आणि तिचं आरसी बुक, पावती, काहीही ट्रंकेत पडून असेल, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. नंबर ताडून बघू. आणि आरटीओच्या कामात असलेल्या कुणाला असं प्रकरण सरळ मार्गाने निकाली निघाल्याचं माहीत असेल, तर तेही सांगा. अर्ज पुढच्या महिन्यात करायचाय.