रुखसत

डिसेंबर अखेरच्या सुट्टीत एका सकाळी फजरची नमाज पढून आम्ही रत्नागिरीहून कोल्हापूरला सायकलवर निघालो. ‘आम्ही’ म्हणजे कुणी मंडळ नव्हे. उर्दू शाळेत दिवसभर वर्गासमोर ‘हम’ म्हणायची सवय लागते, तीच मराठीत उतरते. सोबत येणारे दोघे आदल्या रात्री गळले होते, त्यामुळे सायकलवर होता तो एकच माणूस.

सामान दांड्याला, हँडलला आणि सीटखाली बांधायचं, वाटेत मिळेल ते खायचं, रात्र होईल तिथं थांबायचं, या प्रकाराला आता बाइकपॅकिंग म्हणतात. 1923 साली मुंबईचे काही पारशी तरुण सायकलीवर जगप्रवासाला निघाले, तेव्हा या प्रकाराला असलं नाव नव्हतं. आमच्या आईच्या लेखी आजही नाही. “यष्टी बंद झाल्या काय रे?” एवढंच ती म्हणाली. तिची खरी काळजी वेगळी होती. आंबा गावाहून विशाळगडाकडे रस्ता फुटतो. लहानपणी त्याच रस्त्याने तिने आम्हाला मलिक रेहान बाबांच्या दर्ग्यावर नेलं होतं. 14 जुलै 2024 ला गडाच्या वाटेवरच्या गजापुरात मशिदीची आणि घरांची नासधूस झाली, तेव्हापासून त्या बाजूला एकट्याने जाणं तिला नको वाटतं. “पोचलास की फोन कर,” म्हणाली आणि पिशवीत खजूर कोंबले.

कोल्हापूर सुमारे 130 किलोमीटर. घाट सोडला तर बाकी रस्ता सोपा, असा आमचा हिशोब होता. पण कोकणातला रस्ता कुठेच सपाट नसतो. प्रत्येक पऱ्यापाशी उतरायचं आणि जेवढं उतरलो तेवढं पुन्हा चढायचं. हातखंबा, पाली झालं. नाणीजच्या पुढे पंक्चर. ट्यूब बदलून साखरप्याला पोचेपर्यंत एक वाजला. पन्नासेक किलोमीटरमध्येच पाण्याच्या दोन्ही बाटल्या संपल्या होत्या, आणि घाट अजून समोर उभा होता.

साखरप्याला एका झाडाखाली जोहर आणि असर एकत्र पढून घेतली. आम्ही कोकणी लोक शाफई. लांबच्या प्रवासात असलेल्याला दोन नमाजा एका वेळी जोडायची आणि चार रकातींच्या दोन करायची सवलत आमच्याकडे आहे. फिकहच्या भाषेत या सवलतीला रुखसत म्हणतात. सलाम फेरला तेव्हा पायांतून कळ जात होती, आणि चारऐवजी दोनच रकाती होत्या याचं मनापासून बरं वाटलं. मुसाफिराचे पाय दुखतात, हे शरीयतने आधीच धरलं आहे.

मग घाट. 2021 च्या जुलैत दरडी कोसळून हा रस्ता बंद पडला होता. डोंगराच्या अंगावर अजून लाल मातीचे ओरखडे दिसतात. उतरायचं नाही, असं आम्ही स्वतःला बजावलं होतं. सगळ्यात हलका गिअर टाकला तरी सायकल माणसाच्या चालीनेच चढत होती. मागून ट्रक आला की कडेच्या खडीत जायचं, तो गेला की धुरातून पुन्हा डांबरावर यायचं. तीनच्या सुमारास एका वळणावर मागच्या चाकातून टण्णकन आवाज आला. तार तुटली होती. चाक आउट झालं आणि ब्रेकच्या रबराला घासू लागलं. तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळली, मागचा ब्रेक सोडवून ठेवला. पुन्हा बसायला गेलो तर पोटरीत असा गोळा आला की हँडल धरून तिथेच उभे राहिलो.

शेवटी सायकल ढकलत निघालो. पाहायला कुणी नव्हतं, तरी लाज वाटली. आणि त्या चालीत, कितीतरी दिवस टाळलेला एक मुलगा आठवला.

नववी जमातीतला. खाडीपलीकडच्या वाडीतून यायचा. आधी होडी, मग घाटीने सडा चढून शाळा. रोज पहिल्या तासाला दहा-पंधरा मिनिटं उशीर. “सर, होडी भरल्याशिवाय सोडत नाय,” एवढंच सांगायचा. आम्ही म्हणायचो, “मग आधीच्या होडीने ये.” आधीच्या होडीने यायचं तर अंधारात घर सोडायला हवं, हा हिशोब आम्ही कधी केला नाही. हाजरीच्या वहीत त्याच्या नावापुढे लाल खुणांची रांग लागली. दोनदा सगळ्या वर्गासमोर उभं केलं.

एके दिवशी त्याने अर्ज आणून दिला. वडील आजारी आहेत, पंधरा दिवसांची रुखसत मिळावी. रजेच्या दरखास्तीचा नमुना आम्हीच वर्गात शिकवला होता. मायना, तारीख, सही, सगळं जागच्या जागी होतं. फक्त ‘रुखसत’ त्याने सीनने लिहिलं होतं. आम्ही लाल शाईने गोल केला, वर स्वाद लिहिला आणि कागद परत केला. “दुरुस्त करून आण.”

तो कागद परत आला नाही. मुलगाही आला नाही. मिरकरवाड्याहून सुटणाऱ्या एका बोटीवर खलाशी म्हणून लागल्याचं महिन्याने कळलं.

अंतराच्या हिशोबाने तो मुसाफिर ठरत नव्हता. खाडी आणि सडा मिळून किती होणार? पण घाटात सायकल ढकलताना तो हिशोब आम्हाला पटेना. आपल्या दुखऱ्या पायांसाठी दीनने ठेवलेली सवलत आम्ही दुपारी किती आनंदाने घेतली होती. आमच्या हातात जी होती, पंधरा मिनिटांची, ती आम्ही वर्षभर मुठीत धरून बसलो. बी.एड.ला मुलाच्या घरच्या परिस्थितीवर आम्ही पानंच्या पानं लिहिली होती. मार्कही चांगले पडले होते.

घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा सूर्य बुडायला आला होता. आंब्याच्या टपरीवर लागोपाठ दोन चहा घेतले. टपरीवाल्याने बॅटरी धरली आणि आम्ही चाकाची तार पुन्हा आवळून बांधली. त्याने नाव विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. विशाळगडाचा फाटा अंधारात मागे पडला. एकाच ब्रेकवर, फुंकून फुंकून, आठ वाजता मलकापूर गाठलं. कोल्हापूर उद्यावर गेलं. मगरिब आणि इशा एकत्र पढलो आणि आईला फोन केला. “दमलास?” “हो.” आजवर तिला असं सरळ उत्तर दिल्याचं आठवत नाही.

सुट्टी संपल्यावर एका संध्याकाळी मिरकरवाडा बंदरावर गेलो. दोनदा बोट समुद्रातच होती, तिसऱ्या खेपेला तो भेटला. उंच झाला होता, हात जाळ्याने सोलवटलेले. आम्ही सतरा नंबरच्या फॉर्मचं सांगितलं. शाळेत न येताही दहावीला बसता येतं, फॉर्म आम्ही भरून देऊ. तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्या कागदाचा विषय निघाला नाही. माफी मागायची म्हणून गेलो होतो. तो शब्द तोंडातून फुटला नाही.

मग त्यानेच विचारलं, “सर, सायकलने आंबा घाट चढलात म्हणे?”

“चढलो.”

“मधी उतरलात काय?”

“उतरलो. निम्मा घाट ढकलत नेली.”

तो हसला. वर्गात हसताना आम्ही त्याला कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात तांडेलाने हाक मारली. “बघतो सर,” म्हणून तो पळाला. फॉर्मचं अजून नक्की नाही.

खाडीपलीकडून येणारी आणखी चार मुलं आमच्या वर्गात आहेत. त्यांची हाजरी आम्ही आता पहिला तास संपताना घेतो.