दोघांपुरते गोड

आपल्या वसईच्या ख्रिस्ती घरांतला स्वयंपाक बहुधा गर्दीसाठीच जन्माला आला असावा. लग्न असो, नामकरण असो वा सण, आपली पातेली मोठी आणि आपले माप सढळ. नाताळाच्या नेवऱ्या आणि कुलकुल आपण ताटलीने मोजत नाही, डब्यांनी मोजतो. दोन माणसांपुरते काही रांधावे, तेही केवळ एकमेकांसाठी, ही कल्पना माझ्या सासूबाईंना ऐकवली असती तर त्या पोट धरून हसल्या असत्या. भरल्या घरात नवऱ्यासाठी म्हणून वेगळे काही करणारी सून जगावेगळीच ठरायची. म्हणजे प्रेम नव्हते असे नव्हे. ते सर्वांच्या पातेल्यात विरघळलेले असे. त्यातला आपला वाटा कोणता, हे ज्याचे त्याने वासावरून ओळखावे!

'वासावरून' हा शब्द मी विचारपूर्वक योजला आहे. आमच्या घरात नाक ह्यांचे. फुलांची वाडी सांभाळणाऱ्या माणसाचे नाक तीक्ष्ण असणे स्वाभाविकच म्हणा. पण ह्यांचे नाक जरा जास्तच चोखंदळ होते. वाडीतून परतताना फाटकाशीच त्यांना कळायचे की आज इंद्याल शिजते आहे, आणि त्यात ह्या उन्हाळ्यात कुटलेला मसाला पडला आहे की गेल्या वर्षीचा उरलेला. उंबरठा ओलांडण्याआधी ते मला नुसते नावाने हाक मारीत. त्या हाकेच्या सुरावरून मला माझे गुण समजत. इतकी वर्षे ह्यांनी माझ्या स्वयंपाकाची शब्दांत स्तुती केली नाही, आणि मला तिची गरजही भासली नाही.

एप्रिल २०२१मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत हे आजारी पडले. देवाच्या दयेने ताप घरच्या घरी उतरला, श्वासही सांभाळला गेला. ज्या दिवसांत गावात रोज कुणाच्या ना कुणाच्या घरातली बातमी येत होती, त्या दिवसांत आमचे माणूस उठून बसले, ह्यापुढे आणखी काय मागावे? म्हणून वास गेल्याची तक्रार आम्ही दोघांनीही बोलून दाखविली नाही. येईल महिन्याभरात, असे सगळेच म्हणत होते. पुष्कळांचा आलाही. ह्यांचा आला नाही. उलट काही महिन्यांनी एक विचित्र प्रकार सुरू झाला. कांदा परतायला घेतला की ह्यांना काहीतरी जळाल्याचा, कुजल्याचा वास येई. कॉफीचा कप दूर सारावा लागे. मी लसणाची फोडणी घातली की हे हळूच उठून ओटीवर जाऊन बसत, आणि मी त्यांच्या पाठीकडे पाहत राही. पुढे तो कुजका वासही मावळला आणि उरली ती कोरी शांतता.

डॉक्टरांनी एक व्यायाम सांगितला होता. नाकाचाही व्यायाम असतो, हे आम्हांला तेव्हा कळले. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास घ्यायचे. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली नाकाशी धरायची आणि तो वास पूर्वी कसा होता ते मनात आठवीत राहायचे. काहींना ह्याने काही महिन्यांत फरक पडतो. ह्यांनी तो नेम रोजच्या प्रार्थनेच्या निष्ठेने पाळला. पुष्कळ दिवसांनी लवंग अगदी पुसट, भिंतीपलीकडून कुणी बोलावे तशी, येऊ लागली. बाकी तिघांनी दार उघडले नाही.

ह्या काळात मी जे शिकले ते चाळीस वर्षे चुलीशी उभे राहूनही मला ठाऊक नव्हते. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला फार मोठा भाग नाकाचा असतो. घास चावताना त्याचा गंध घशामागच्या वाटेने नाकात चढतो, आणि आपण मात्र श्रेय जिभेला देतो. जिभेच्या वाट्याला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या रश्शात वा सुक्या मासळीत जाणवते ती एक भरीव रुची, एवढेच. तिखट तर चवही नव्हे, तो नुसता दाह. म्हणजे माझ्या इंद्यालमधून ह्यांच्यापर्यंत काय पोचत होते? आग, मीठ आणि व्हिनेगरचा आंबटपणा. धणे नाहीत, दालचिनी नाही. मी जी भाषा इतकी वर्षे बोलत आले तिची अक्षरेच ह्यांच्यासाठी पुसली गेली होती. हे सारे निमूट जेवत, ताट स्वच्छ करीत, आणि त्या स्वच्छ ताटाचे मला जेवढे दुःख होई तेवढे टाकलेल्या घासाचेही झाले नसते.

एक गोष्ट मात्र थांबली नव्हती. आमच्या वाडीत सोनचाफा आहे. फुले पहाटे काढून दादरच्या बाजारी जातात. त्यांतले एक फूल लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माझ्यासाठी मागे राहत आले आहे. नाक गेल्यावरही ते फूल स्वयंपाकघराच्या खिडकीत रोज येत राहिले. हे आता रंग पाहून, पाकळी किती मिटलेली आहे ते पाहून निवडतात आणि मला विचारतात, "आज कसा आहे गं?" मग मी सांगते. आज मंद आहे, आज दवामुळे जरा पाणचट आहे, आज अगदी आमच्या लग्नातल्यासारखा आहे. ह्यांच्या वतीने वास घेण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

आमचे लग्न १२ फेब्रुवारी १९८४चे. उपवासकाळ लागण्याआधी लग्ने उरकून घेण्याच्या आपल्या रीतीतले. २०२४मध्ये चाळीस वर्षे पुरी झाली. तो दिवस सोमवारी येत होता, म्हणून मुलांनी जेवण आदल्या रविवारी ठेवले आणि रीतीप्रमाणे गर्दीही जमवली. धाकटीचे म्हणणे होते की खरे तर चौदा तारखेला, व्हॅलेंटाइनच्या दिवशी, करायला हवे. पण त्या वर्षी चौदा फेब्रुवारीलाच राखेचा बुधवार आला होता. कपाळावर राख आणि हातात गुलाब, हे दृश्य तिलाही पेलवेना. मी मात्र मनाशी ठरवले होते की सोमवार आम्हां दोघांचा. आणि त्या दिवशी मी असे काही करीन, ज्यातले होता होईल तेवढे ह्यांच्यापर्यंत पोचेल.

मी हिशेब मांडला. ह्यांना काय कळते? आंबट कळते, गोड कळते. थंड आणि गरम कळते. आणि जिभेपलीकडचे एक, ज्याचा आपण विचारच करीत नाही: दातांखाली काय होते ते कळते, त्याचा आवाज कळतो. कुरकुरीत, भुसभुशीत, चिवट, मऊ. अशा पदार्थांत मला फळांच्या आणि मेरांगच्या लहान टार्टइतका श्रीमंत दुसरा आठवला नाही. अंड्याचा पांढरा बलक साखरेबरोबर फेटून भाजला की जो हलका, ठिसूळ फेस होतो तो मेरांग. नाव परके असले तरी सामान आपल्या घरातलेच आहे, आणि कृती नाताळच्या निम्म्या पदार्थांहून सोपी.

सहा लहान टार्टसाठी दीडशे ग्रॅम मैदा, पाऊणशे ग्रॅम थंड लोणी, दोन चमचे पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ घ्यावे. लोणी बोटांच्या टोकांनीच मैद्यात चोळावे, तळव्याने नव्हे, कारण तळव्याच्या उबेने ते वितळते आणि मग पारी भुसभुशीत न होता कडक होते. बर्फाचे पाणी दोन चमचे, गोळा जमेल इतकेच. हा गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये निजू द्यावा. नंतर लाटून साच्यांत बसवावा, काट्याने टोचावा, वर कागद ठेवून त्यात मूठ मूठ सुके वाल भरावेत. ह्या वजनामुळे पारी फुगत नाही. १८० अंशांवर पंधरा मिनिटे, मग वाल काढून आणखी सात-आठ मिनिटे, कडा बदामी होईपर्यंत. ते वाल शिजवायच्या उपयोगाचे राहत नाहीत. मी ते एका बरणीत पुढच्या वेळेसाठी ठेवले आहेत.

आतले सारण लिंबाचे. दोन अंड्यांचे पिवळे बलक, पाऊणशे ग्रॅम साखर, परसातल्या तीन लिंबांचा रस आणि चाळीस ग्रॅम लोणी हे उकळत्या पाण्यावर धरलेल्या भांड्यात सतत ढवळीत राहावे. आठ-दहा मिनिटांत ते चमच्याला चिकटू लागते, तेव्हा उतरवावे. उकळी आली तर बलक फाटतो. साखर मी हात राखून घातली. आंबटपणा लपवायचा नव्हता.

आता पांढरे बलक. अंडी थंड असताना सहज वेगळी होतात, पण फेटायला बलक घरच्या हवेत आलेला बरा. भांडे लिंबाच्या फोडीने पुसून घ्यावे. पिवळ्याचा एक थेंब वा तेलाचा ओशटपणा राहिला तरी फेस उभा राहत नाही. स्निग्धता ही फेसाची वैरीण. फेसाचे शेंडे मऊ उभे राहिले की शंभर ग्रॅम बारीक साखर एकेक चमचा घालीत जावे. घाई केली की फेस बसतो. दोन बोटांत चोळून साखरेचा कण लागेनासा झाला आणि भांडे उपडे धरले तरी काही सांडेना, की झाले. माझे मनगट आता पूर्वीचे नाही. मी मुलीचे विजेचे यंत्र वापरले आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

तयार पारीत तळाशी मी सुकेळ्याचे बारीक तुकडे पसरले, कारण मला चिवटपणा हवा होता, आणि सुकेळ्याइतका गोड चिवटपणा वसईत दुसरा नाही. त्यावर लिंबाचे सारण, गरम असतानाच. आणि त्यावर लगेच मेरांगचा ढीग, कडेपर्यंत टेकवलेला. सारण थंड झालेले असले की मेरांग तळातून घाम सोडतो. मग १५० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे, वरचे कवच फिकट तपकिरी आणि आत मऊ राहील इतके. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या फेब्रुवारीत बाजारात भरपूर असतात. त्या मात्र भट्टीत घालू नयेत. फ्रीजमध्ये गार करून वाढतेवेळी चिरून वर ठेवाव्यात, म्हणजे रसाने पारी भिजत नाही आणि उबदार मेरांगवर गार फळ येते. पावसाळ्यात हा खटाटोप करू नये. दमट हवेत मेरांग तासाभरात लोळण घेतो. आपल्या किनाऱ्याला त्यासाठी हिवाळ्याची शेवटची कोरडी हवाच हवी.

पोर्तुगालमध्ये मठांतील भगिनी पांढऱ्या बलकाने कपड्यांना खळ देत आणि उरलेल्या पिवळ्यांची मिष्टान्ने करीत, असे सांगतात. गोव्याच्या बेबिंकातही पिवळ्यांचीच चंगळ असते. पांढऱ्याच्या वाट्याला पोर्तुगीज भाषेत मात्र एक सुरेख नाव आले. तिथे मेरांगला म्हणतात 'सुस्पिरो', म्हणजे उसासा. हवा आणि साखर, ह्यांखेरीज त्यात आहे तरी काय! १५३४ ते १७३९ एवढा काळ वसईवर राज्य करून गेलेल्या लोकांनी आपल्याला किती शब्द दिले; हा एक आपल्या स्वयंपाकघरात का रुजला नाही, ह्याचे मला वाईट वाटते.

संध्याकाळी ओटीवर मी बशी ठेवली. "हे काय?" असे ह्यांनी विचारले. मी म्हटले, "नाकाचे काही काम नाही. खा." त्यांनी चमचा बाजूला ठेवून टार्ट हातातच घेतला. कवच फुटले ते मलाही ऐकू आले. मग लिंबाने एक डोळा मिटला, अगदी लहान मुलाचा मिटतो तसा. हे थांबले. सावकाश चावीत राहिले. मी काही विचारले नाही.

"वर कुरकुरीत," ते म्हणाले, "मग काहीच नाही, ढगासारखे. मग आंबट. मग खाली... हे सुकेळे आहे ना?"

"वास आला?" माझ्या तोंडून निघून गेले.

"नाही गं. दाताला चिकटले." आणि हे हसले. ते सुकेळे काढण्यासाठी जीभ फिरवीत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पाणी लिंबाचे की कशाचे, ते मी शोधत बसले नाही.

सहांपैकी दोन ह्यांनी खाल्ले, दीड मी. उरलेल्या अर्ध्याचीही वासलात ह्यांनीच लावली. दोन मी डब्यात झाकून ठेवले. मंगळवारी सकाळी पाहिले तर मेरांग किंचित चिकट झाला होता, पारी अजून टिकून होती. उद्यापासून उपवास, म्हणून आम्ही ते चहाबरोबर, उभ्याउभ्याच, खिडकीपाशी संपवले. "पाऊस सुरू होण्याआधी पुन्हा एकदा जमेल का?" असे ह्यांनी विचारले. मी म्हटले, ईस्टरनंतर करू, पण तेव्हा स्ट्रॉबेरी मिळेल असे नाही, कैरी घालावी लागेल.

"कैरी चालेल," हे म्हणाले. "कैरी कळते."