‘कोण रे ती?’

सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला आहे मी. मायक्रोमीटर हातात घेतला की जॉबपेक्षा माझी बोटंच जास्त हलायची. छातीही धडधडायची. कॅन्टीनमधल्या पोरांनी लगेच निदान केलं, ‘‘कोण रे ती?’’ खरं सांगू, मलाही जरा संशय आला!

‘ती’ म्हणजे बॅगेतला पंप निघाला. त्यातलं फॉर्मोटेरॉल बारा तास श्वासनळ्या मोकळ्या ठेवतं. पण सगळं छातीतच थांबत नाही ना! थोडं रक्तात उतरतं आणि हातांच्या स्नायूंना, हृदयालाही हलवून जागं करतं. पोटॅशियम घटू शकतं, पायात गोळे येतात.

मग मी शहाणपणा केला. पंपच बंद! चौथ्या रात्री दोन वाजता उशीला टेकून एकेक श्वास ओढत बसलो होतो. आई पाठ चोळत होती, एक शब्द बोलली नाही.

डॉक्टर मात्र बोलले. दोनदा सांगितलेला पंप मी धुराच्या नावाने चारदा ओढत होतो, हे तेव्हा कबूल केलं. त्याच पंपात स्टेरॉईडही असतं. दम्यात हे औषध त्याच्याशिवाय एकटं घ्यायचं नाही, असं अमेरिकेच्या एफडीएनेही २०१० मध्ये बजावलंय. म्हणजे मी दोन्ही बंद केली होती.

आता दोनदाच. थरथर बरीच उतरलीय. पोरं अजून तिचं नाव विचारतात.