नावानिशी

सी शिकत होते तेव्हा ॲरे म्हणजे शून्यापासून क्रमांक लावलेली रांग, एवढंच ठाऊक होतं. गावांचा पाऊस साठवायचा तर सातारा कितवा, सांगली कितवी, हे आधी शोधायचं आणि मग त्या क्रमांकावर जायचं. नोकरीत ऑक ही भाषा हाती आली आणि ही पायपीट संपली. चौकटी कंसात सरळ ‘सातारा’ लिहायचं, आकडा हजर. किती गावं येणार तेही आधी सांगायला नको. आहो, वाइनबर्गर आणि कर्निहान यांनी 1977 साली बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली. इतक्या छोट्या भाषेत त्यांनी सगळेच ॲरे असोसिएटिव्ह, म्हणजे नावानं शोधता येणारे, ठेवले, याचं मला आजही कौतुक वाटतं. लॉग फाइलीचा पहिला रकाना ‘की’, म्हणजे शोधायचं नाव, म्हणून घ्यायचा, तिथल्या आकड्यात एक मिळवायचा, बस. की नवी असेल तर मोजणी आपोआप शून्यापासून सुरू होते.

पुढे हीच सोय पर्लमध्ये हॅश म्हणून भेटली, पायथनमध्ये डिक्शनरी म्हणून. पण खरा जीव जडला तो आतलं काम कळल्यावर. ‘सातारा’ या अक्षरांवर गणित करून एक संख्या काढायची, तिला टेबलाच्या खणांच्या संख्येनं भागायचं आणि बाकी येईल त्या खणात पाहायचं. नोंदी शंभर असोत की दहा लाख, शोधायला सरासरी वेळ साधारण तेवढाच! दोन नावं एकाच खणात आली तर तिथे साखळी करायची, नाहीतर दुसरा रिकामा खण गाठायचा. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी 1953 च्या जानेवारीत कंपनीतल्या एका टिपणात यातली साखळीची रीत सुचवली होती. ते वाचलं त्या दिवशी मी भारावून गेले होते.

अलीकडे मी जुन्या मराठी लेखांतले शब्द मोजते आहे. यादीत ‘दुसऱ्या’ दोनदा आला. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, आकडे मात्र वेगळे. संकेतांक उघडून पाहिले. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यावर हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण ‘र’खाली नुक्ता देऊन लिहिलेला ‘ऱ’ एकरूप करतं, पण या जोडचिन्हाच्या जोडीला हात लावत नाही. डिक्शनरीला तर अक्षराचं रूप कळतच नाही, तिला फक्त संकेतांक कळतात. तेव्हा की ठरवण्याआधी ही जोडी बदलून घेणारी एक ओळ लिहिली आणि दोन्ही आकडे एकत्र आले.

मूळ रूप मात्र पुसून टाकणं मला पटेना. कोणी कोणत्या कीबोर्डवर कसं टाइप केलं, याचा तो माग आहे. म्हणून प्रत्येक शब्दाच्या व्हॅल्यूत, म्हणजे कीसमोर साठवलेल्या जागी, नुसता आकडा न ठेवता मी आणखी एक छोटी डिक्शनरी ठेवते: की म्हणून संकेतांकांसकट मूळ रूप, आणि व्हॅल्यू म्हणून ते किती वेळा आलं तो आकडा.